सही कोणाची चालते? डिस्लेक्सियाच्या एका कागदाचा इतिहास

२०१८ चा ऑक्टोबर. मी एम.ए.साठी ब्रिटनमध्ये येऊन जेमतेम महिना झाला होता. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात शेजारच्या खोलीतली पहिल्या वर्षाची मुलगी एक फाईल उघडून बसली होती. तिला डिस्लेक्सिया आहे, हे ती पंधरा वर्षांची असताना एका नोंदणीकृत शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी तपासून लिहून दिलं होतं. आईवडिलांनी त्यासाठी खिशातून पैसे भरले होते. तो अहवाल घेऊन ती विद्यापीठाच्या कार्यालयात गेली, तर उत्तर मिळालं: अहवाल वयाच्या सोळाव्या वर्षानंतरचा हवा, हा चालणार नाही. नव्यानं तपासणी करा, आणि ती अमुक पात्रतेच्या माणसाकडूनच करा. त्याशिवाय सरकारी मदतीचा अर्ज पुढे जाणार नाही.

"म्हणजे सोळाव्या वाढदिवसाला माझा डिस्लेक्सिया गेला का?" असं ती हसत म्हणाली खरी, पण पुन्हा काहीशे पौंड कुठून आणायचे, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तपासणीची तारीख मिळेपर्यंत डिसेंबर उजाडला. पहिलं सत्र तिनं ध्वनिमुद्रक आणि वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशिवायच काढलं.

माझ्या पीएचडीचा विषय त्या स्वयंपाकघरात सापडला, असं मी म्हणते. थोडं नाटकी वाटेल, पण खोटं नाही. तोपर्यंत डिस्लेक्सियाच्या इतिहासाबद्दल मी जे वाचलं होतं त्यात सगळा वाद "डिस्लेक्सिया म्हणजे काय" याचा होता. त्या फाईलनं प्रश्न बदलला: डिस्लेक्सिया आहे असं *कोणी* म्हटलं तर ते खरं धरायचं? तुमच्यापैकी जे संशोधनाचा प्रस्ताव लिहायच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगते आहे. व्याख्येच्या वादात शिरलात की बाहेर पडायला वाट मिळत नाही. पात्रतेच्या अटीचं तसं नसतं. ती कोणीतरी, कुठल्यातरी साली, कशाच्यातरी बदल्यात लिहिलेली असते, त्यामुळे तिचा माग काढता येतो.

आधी आजची व्यवस्था समजून घेऊ, कारण तिच्यात दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांना 'डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स', म्हणजे डीएसए, मिळतो. हे कर्ज नाही, परत करावं लागत नाही. १९९८ पासून त्याला पालकांच्या उत्पन्नाची अट नाही, २००० पासून तो पदव्युत्तर आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांनाही मिळू लागला, आणि २०२१ मध्ये वेगवेगळे भाग एकत्र करून वर्षाला २५,००० पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली. बहुतेकांना याच्या आसपासही रक्कम मिळत नाही, ते सोडा. आता तपासण्या. पहिली निदानाची: तुम्हाला डिस्लेक्सिया आहे की नाही. दुसरी गरजांची: असेल तर तुम्हाला काय काय लागेल. दुसरीचा खर्च सरकार करतं. पहिलीचा तुम्ही. म्हणजे दार उघडायची किल्ली स्वतःच्या पैशानं करून आणायची.

ही पहिली तपासणी कोण करू शकतं? एक, 'हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल'कडे नोंदणी असलेले व्यावसायिक मानसशास्त्रज्ञ. दोन, 'असेसमेंट प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट' हाती असलेले विशेष शिक्षक. (स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे, तिकडे आत्ता जात नाही.) यादीत कोण नाही ते बघा: डॉक्टर. तुमच्या डॉक्टरांनी हिला डिस्लेक्सिया आहे असं पत्र दिलं तर इतर अनेक अपंगत्वांसाठी तसं पत्र चालतं, इथे चालत नाही. मला हे फार विचित्र वाटलं होतं, कारण डिस्लेक्सिया जगासमोर आणला तो डॉक्टरांनीच.

नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी एक छोटं टिपण लिहिलं. हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावचे साधे डॉक्टर. त्यांच्या टिपणातला मुलगा चौदा वर्षांचा, नाव पर्सी एफ. सात वर्षं शिकवूनही त्याला वाचता येत नव्हतं. स्वतःचं नाव लिहिताना तो अक्षरांची अदलाबदल करी आणि ते त्याच्या लक्षातही येत नसे. मात्र ७४९ गुणिले ८६७ त्यानं झटपट आणि बिनचूक करून दाखवलं. ग्लासगोचे नेत्रशल्यचिकित्सक जेम्स हिन्शेलवुड यांनी वर्षभरापूर्वीच शब्दांधतेवर लेख लिहिला होता, तो वाचून मॉर्गन यांना या मुलाचं कोडं उमगलं. 'डिस्लेक्सिया' हा शब्दही एका जर्मन नेत्रवैद्याचा, रुडोल्फ बर्लिन यांचा, १८८७ चा.

बहुतेक पुस्तकं इथून थेट मेंदूकडे वळतात. तुम्ही एक प्रश्न विचारून बघा: मॉर्गन यांनी हे ओळखल्यावर पर्सीला काय मिळालं? त्या निदानाला जोडलेला एकही पैसा, एकही सवलत, एकही शिक्षक नव्हता. म्हणून मॉर्गन यांची पात्रता काय, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. निदानाला किंमत आली की मगच निदान करणाऱ्याचं प्रमाणपत्र तपासलं जातं. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण एवढ्याच वाक्यावर उभं आहे.

पुढची पन्नास वर्षं मी इथे भरभर ओलांडते. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर १९४५ च्या नियमांनी अपंग विद्यार्थ्यांचे अकरा प्रकार ठरवले: अंध, बहिरे, अपस्मार असलेले, अगदी मधुमेही सुद्धा. शब्दांधता त्यात नव्हती. मूल कुठल्या प्रकारात बसतं हे ठरवायचं काम शाळेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं. प्रकारच नाही म्हटल्यावर डॉक्टरांना सही करायला जागाच नव्हती.

मधल्या काळात शाळांच्या दारात दुसरा एक व्यवसाय उभा राहिला होता. लंडनच्या काउंटी कौन्सिलनं १९१३ मध्ये सिरिल बर्ट यांना मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमलं. ब्रिटनमधली ही अशी पहिली सरकारी नेमणूक. या व्यवसायाचं हत्यार होतं बुद्धिमापन चाचणी. या हत्याराकडे नीट बघा, कारण पुढचा सगळा झगडा त्याच्याभोवती आहे. वेक्स्लर चाचण्यांसारख्या चाचण्या बाजारात कोणालाही मिळत नाहीत. प्रकाशक खरेदीदाराची पात्रता विचारतो. त्यातच अनेक दशकं डिस्लेक्सिया ओळखायची रीत अशी होती की मुलाची बुद्धी आणि मुलाचं वाचन यांच्यातली तफावत मोजायची. बुद्धी चांगली, वाचन कच्चं, तर डिस्लेक्सिया. म्हणजे ज्याच्याकडे बुद्धिमापनाची पेटी, त्याच्याकडेच निदान. व्याख्या आणि परवाना एकमेकांना असे टेकून उभे होते.

डॉक्टरांकडून मानसशास्त्रज्ञांकडे लेखणी नक्की कधी गेली, याला एक तारीख देता येते. असं इतिहासात क्वचित घडतं, म्हणून मला त्याचं अप्रूप आहे. १९७५ मध्ये शिक्षण खात्यानं परिपत्रक क्रमांक २/७५ काढलं. विशेष शिक्षणासाठी मुलाचं मूल्यमापन करताना भरायचे नवे फॉर्म त्यात आले: एसई १ मुख्याध्यापकांचा, एसई २ शाळेच्या डॉक्टरांचा, एसई ३ शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांचा. आणि एसई ४, म्हणजे सगळ्याचा गोषवारा काढून शिफारस करायचा फॉर्म, तो अनुभवी मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षणाचे सल्लागार यांच्याकडे. शेवटची सही डॉक्टरांच्या हातून निसटली ती अशी, कुठलाही गाजावाजा न होता. परिपत्रकं कंटाळवाणी असतात हे कबूल, मी स्वतः वाचनालयात त्यांच्यावर डोकं टेकून झोपले आहे. पण सत्ता कुठून कुठे गेली ते भाषणांपेक्षा फॉर्मच्या क्रमांकांत जास्त स्पष्ट दिसतं.

शिक्षक या सगळ्यात कुठे होते? सगळीकडे होते, फक्त सहीच्या रकान्यात नव्हते. १९६२ मध्ये लंडनला 'वर्ड ब्लाइंड सेंटर' सुरू झालं आणि दहा वर्षांत बंदही झालं. स्वतः डिस्लेक्सिया असलेल्या हेलन आर्केल यांनी १९७१ मध्ये केंद्र काढलं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात बीव्ही हॉर्न्सबी मुलांना शिकवत आणि शिकवणाऱ्यांनाही तयार करत. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन १९७२ मध्ये उभी राहिली. आई, शिक्षिका, वाणीउपचार करणाऱ्या बायका: या चळवळीचा भार मुख्यतः त्यांनी उचलला. मूल कुठे अडतं हे त्यांना रोज टेबलापाशी बसून दिसत होतं. सरकारदरबारी मात्र चित्र गोंधळाचं होतं. १९७० च्या अपंगांविषयीच्या कायद्यात 'तीव्र डिस्लेक्सिया' हा शब्द आला, पण तो ओळखायचा कोणी, हे कायद्यानं सांगितलं नाही. लगेच १९७२ मध्ये जॅक टिझार्ड यांच्या समितीनं तो शब्दच शंकास्पद ठरवून 'विशिष्ट वाचन अडचणी' असं म्हणावं असं सुचवलं. मंत्र्यांनी संसदेत डिस्लेक्सियाचं अस्तित्व उघडपणे मान्य केलं ते १९८७ मध्ये.

आता एका खटल्याकडे येते. माझ्या गाइडना वाटतं की मी त्याला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देते. तुम्ही ठरवा.

पामेला फेल्प्स ही लंडनच्या हिलिंग्डन भागातली मुलगी. वाचन-लेखनात फार मागे. १९८५ मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी तिला तपासलं आणि विशिष्ट अडचण अशी काही नाही, भावनिक ताण आहे, असा निष्कर्ष काढला. शाळा त्याच कागदावर चालली. शालेय शिक्षण संपत आलं तेव्हा डिस्लेक्सिया असल्याचं कळलं. तिनं दावा लावला. खालच्या न्यायालयात ती जिंकली, अपिलात हरली, आणि जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं पुन्हा तिच्या बाजूनं निकाल दिला: असा मानसशास्त्रज्ञ प्राधिकरणाचा नोकर असला तरी त्या मुलाप्रती त्याचं काळजीचं कर्तव्य आहे, आणि त्याच्या निष्काळजीपणाची भरपाई प्राधिकरणाला द्यावी लागेल.

या निकालापर्यंत सही हा अधिकार होता. निकालानंतर ती जबाबदारीही झाली. ज्या सहीसाठी न्यायालयात ओढलं जाऊ शकतं, तिच्यामागे प्रशिक्षण, नोंदवही, ठरलेल्या चाचण्या, ठरलेला अहवालाचा साचा, सगळं उभं करावं लागतं. पाचच वर्षांत नेमकं हेच झालं. खटल्यामुळेच झालं असं सिद्ध करणारा कागद मला मिळालेला नाही, आणि गाइडांचा आक्षेप तिथेच आहे. माझं म्हणणं इतकंच की ज्या हवेत ते नियम लिहिले गेले ती हवा या निकालानं तापवलेली होती.

दुसरं कारण आकड्यांचं. १९९९ मध्ये ख्रिस सिंगलटन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय कार्यगटानं उच्च शिक्षणातल्या डिस्लेक्सियावर अहवाल दिला. त्यातली एक गोष्ट मोठी होती: डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांचं निदान विद्यापीठात प्रवेश घेतल्यानंतर झालेलं होतं. शाळेत सुटलेली ही मोठी मुलं आता डीएसएच्या रांगेत उभी होती. तेव्हा डीएसए स्थानिक शिक्षण प्राधिकरणांमार्फत दिला जाई, आणि कोणाचा अहवाल मान्य करायचा याबाबत एका गावाचा न्याय दुसऱ्या गावाला लागू नसे. एकीकडे विशेष शिक्षकाचा अहवाल चाले, दुसरीकडे मानसशास्त्रज्ञच हवा.

२००५ मध्ये शिक्षण खात्याच्या कार्यगटानं यावर तोडगा काढला. मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक, दोघांनाही दार उघडं, पण शिक्षकांसाठी अट अशी की पदव्युत्तर दर्जाचं विशिष्ट प्रशिक्षण हवं आणि त्यावर मुदतीचं प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र तीन वर्षांनी नव्यानं काढावं लागतं, मधल्या काळातल्या अभ्यासाच्या नोंदी दाखवून. या मानकांवर देखरेख करणारी समिती आहे 'सॅस्क', आणि प्रमाणपत्र देतात पॅटॉस, डिस्लेक्सिया गिल्ड, ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन यांसारख्या संस्था. गंमत बघा: तीस वर्षांपूर्वी ज्या चळवळीच्या शब्दावरच समित्या शंका घेत होत्या, तिच्यातूनच आलेल्या संस्था आता सही कोणाची चालेल हे ठरवू लागल्या.

पण पेटीचं काय? ती अजून मानसशास्त्रज्ञांकडेच होती. विशेष शिक्षकांना वेक्स्लर वापरता येत नव्हती, म्हणून ते त्यांना खुली असलेली 'डब्ल्यूआरआयटी' वापरू लागले. त्याच सुमारास तफावतीच्या रीतीचा पाया खचत होता. वाचनातली मूळ अडचण शब्दातले ध्वनी वेगळे करण्याशी, ते लक्षात धरण्याशी आणि झटपट उच्चारण्याशी जोडलेली आहे, याचे पुरावे साठत गेले. २००९ च्या जिम रोझ यांच्या अहवालानं तर स्पष्टच म्हटलं की डिस्लेक्सिया सगळ्या बौद्धिक पातळ्यांवर आढळतो. ध्वनींवरच्या 'सीटॉप'सारख्या चाचण्या शिक्षकांना वापरता येत होत्या. तेव्हा प्रश्न असा: विज्ञान बदललं म्हणून शिक्षकांना दार उघडलं, की शिक्षक आत आले म्हणून नवी व्याख्या व्यवहारात रुजली? मला दोन्ही बाजूंनी पुरावा दिसतो. २००५ चा दरवाजा २००९ च्या व्याख्येच्या आधी उघडला गेला, एवढं मात्र कालक्रम सांगतो.

२००९ मध्ये आणखी एक झालं. 'शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ' ही पदवी कायद्यानं संरक्षित झाली, नोंदणीशिवाय ती लावणं गुन्हा ठरला. नुसता 'मानसशास्त्रज्ञ' हा शब्द मात्र मोकळाच राहिला. त्यामुळे आजही एखादा विद्यार्थी पाटी वाचून पैसे भरतो आणि नंतर कळतं की हा अहवाल डीएसएला चालत नाही.

आणि ती सोळा वर्षांची अट? तिच्यामागे तर्क होता: मोठ्या माणसाला आज काय जमतं हे मुलांसाठीच्या चाचण्यांवरून कळत नाही. तर्क चुकीचा नव्हता. पण डिस्लेक्सिया जन्मभराचा असतो असं तेच कागद सांगत होते, आणि पुन्हा तपासणीचा भुर्दंड विद्यार्थ्यावर पडत होता. २०१९ मध्ये ती अट काढली गेली. माझ्या शेजारणीला एक वर्ष उशीर झाला, किंवा तिचा जन्म एक वर्ष लवकर झाला, कसंही म्हणा.

आपल्याकडचं थोडं सांगते, कारण तुम्ही विचारणारच. महाराष्ट्रानं शालान्त परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सवलती द्यायला १९९६ मध्येच सुरुवात केली, देशात आधी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिच्या प्रमाणपत्राची कार्यपद्धती जाहीर झाली: आठव्या वर्षानंतर प्रमाणपत्र, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षीचं कायमचं. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक सगळे त्यात आहेत. पण प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेच्या डोक्यावर कोण? वैद्यकीय अधीक्षक किंवा सिव्हिल सर्जन. आणि मानसशास्त्रीय चाचणीपूर्वी बुद्ध्यांक ८५ च्या वर हवा, म्हणजे तफावतीची रीतही जिवंत होती. ज्या सहीला इंग्लंडमध्ये आज किंमत नाही, तीच इथे लागते. 'पुढारलेले' आणि 'मागासलेले' असा निकाल घाईनं देऊ नका. सरकारी रुग्णालयातला कागद गरीब घरातल्या मुलालाही मिळू शकतो, भले रांग लांब असेल. इंग्लंडमधल्या निदानाची रांग पैशांची आहे.

ब्रिटनमध्ये संशोधनाला जायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. डीएसए हा तिथल्या रहिवाशांसाठी आहे. भारतातून शिक्षणासाठी गेलेल्याला तो सहसा मिळत नाही, विद्यापीठानं स्वतःच्या निधीतून काही केलं तर केलं. दुसरं, तिथल्या चाचण्यांची प्रमाणं इंग्रजीत वाढलेल्या मुलांवरून काढलेली आहेत. जो मराठीत वाचायला शिकला, ज्याची चूक वेलांटीत आणि जोडाक्षरात होत होती, त्याचं इंग्रजी वाचन संथ असेल तर ते डिस्लेक्सियामुळे की भाषेमुळे, हे गुणांचा तक्ता एकटा सांगू शकत नाही. तिथे तपासणाऱ्याचा अनुभवच कामी येतो, आणि तो कुठल्याही प्रमाणपत्रावर छापलेला नसतो.

साधनं शोधत असाल तर ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये डिस्लेक्सियाच्या चळवळीचे कागद जपलेले आहेत, आणि फिलिप कर्बी व मार्गारेट स्नोलिंग यांचं २०२२ चं 'डिस्लेक्सिया: अ हिस्टरी' हे पुस्तक सुरुवातीला उत्तम. पण त्याबरोबर जुने फॉर्मही मागा. अनेकदा ते स्वतंत्र फाईलमध्ये नसतात, कुणाच्या तरी पत्राला टाचलेले असतात.

शेजारणीनं तिचे दोन्ही अहवाल मला अभ्यासासाठी दिले, नावं काढून आणि लेखी संमतीनं. ते शेजारी ठेवून मी कितीदा तरी वाचलेत. पहिला मानसशास्त्रज्ञांचा, वेक्स्लरवर आधारलेला, तेवीस पानी. दुसरा एका विशेष शिक्षिकेचा, एकोणीस पानी. निष्कर्षाचा परिच्छेद जवळजवळ सारखाच आहे: ध्वनींची स्मृती कमकुवत, वाचनाचा वेग कमी, जास्तीचा वेळ द्यावा. फरक शेवटच्या पानावर आहे. पहिल्यावर सही आणि नोंदणी क्रमांक. दुसऱ्यावर सही, प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि त्याखाली ते कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे, ते.